पायपेटीपासून सिंथपर्यंत: आमच्या बदललेल्या आवाजाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चौघं गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका कौलारू घराच्या माडीवर सराव करतो. कित्येक वर्षं पोस्ट-रॉक वाजवणारा बँड अशी आमची ओळख ठरलेली होती: दोन गिटार, एक बास, ड्रम, गायक नाही, आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटच्या तीन मिनिटांत कौलं हलतील असा आवाज. हा आवाज आता बदलला आहे. तेव्हापासून कार्यक्रम संपल्यावर, फोनवर, अगदी लग्नाच्या पंगतीतही तेच तेच प्रश्न येतात. ते लोकांनी विचारले तसेच इथे ठेवले आहेत. एखाद्या गोष्टीबद्दल दुसरीकडे सविस्तर लिहिलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उत्तरं मी लिहिली आहेत, म्हणजे पूर्वी गिटार वाजवणाऱ्याने, जो आता बहुतेक वेळ सिंथपुढे, म्हणजे विजेवर सूर घडवणाऱ्या सिंथेसायझरपुढे बसतो.

१. पोस्ट-रॉक म्हणजे नक्की काय? रॉकच्या पुढचं काही?

नावावरून तसं वाटतं खरं. सायमन रेनल्ड्स या ब्रिटिश समीक्षकाने १९९४ मध्ये हा शब्द रुळवला. त्याचा मुद्दा साधा होता: वाद्यं रॉकचीच, पण त्यांच्याकडून काम वेगळं करून घ्यायचं. गिटारवर जोरकस कॉर्ड हाणण्याऐवजी तिच्यातून आवाजाचा पोत काढायचा. शिकागोचा टॉर्टॉइज, ग्लासगोचा मोग्वाय, आइसलँडचा सिगुर रोस ही यातली मोठी नावं. सिगुर रोसचा गायक तर गिटार चेलोच्या गजाने वाजवतो. शब्द बहुधा नसतात, असले तरी ते आणखी एका वाद्यासारखे येतात.

ज्याने रात्रभराचं भजन ऐकलं आहे त्याला हे संगीत फार समजावून सांगावं लागत नाही. संथ सुरुवात, तीच ओळ पुन्हा पुन्हा, हळूहळू चढणारी लय, मग टाळांचा कल्लोळ. आम्ही हा चढ शिकलो तो मोग्वायकडून, पण ओळखीचा वाटला तो सप्ताहामुळे.

२. मग आता बदललं तरी काय? मला तर तोच बँड वाटतो.

तसं वाटत असेल तर मला आनंदच आहे. माणसं तीच आहेत. दोनपैकी एक गिटार गेली आणि तिच्या जागी १९८४ सालच्या बनावटीचा रोलँड जुनो-१०६ हा सिंथ आला, तोही सेकंडहँड. एक लहान मोनो सिंथ आहे, म्हणजे एका वेळी एकच सूर देणारा. कॅसेट डेक आहे. ड्रमर अर्धा वेळ ड्रमवर असतो, अर्धा वेळ घुमटावर, म्हणजे मडक्याला कातडं लावलेल्या तालवाद्यावर (प्रश्न ८ पाहा). आवाज कमी झाला, लय उतरली, तुकडे मात्र आणखी लांबले.

३. 'उबदार आवाज' असं तुम्ही सारखं म्हणता. ही नुसती भावना आहे, की मोजता येण्यासारखी गोष्ट?

बरीचशी मोजता येते, आणि ती समजली तर संगीत ऐकायला जास्त मजा येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुठलाही सूर एकटा वाजत नाही. त्याच्याबरोबर वरचे बारीक सूर वाजत असतात. शास्त्रात त्यांना संनादी म्हणतात, आपले गवई स्वयंभू स्वर म्हणतात. हे वरचे सूर फार झाले की आवाज कानाला टोचतो. सिंथमध्ये ते कापायला फिल्टर असतो. रॉबर्ट मूग यांच्या सिंथमधला प्रसिद्ध फिल्टर ठरवलेल्या जागेच्या वर दर सप्तकाला २४ डेसिबलने आवाज उतरवतो. त्याची खुंटी फिरवली की करवतीसारखा खरखरीत सूर हळूहळू गोल होत जातो. दार लोटून घेतल्यावर बाहेरचा गोंगाट जसा दबतो, तसंच.

दुसरी गोष्ट म्हणजे हलकीशी विकृती. कॅसेटच्या टेपवर आवाज थोडा जास्त जोरात भरला तर टेप त्याची टोकं मऊ दाबते. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला थोडं जास्त ढकललं तर बऱ्याचदा दुसरा संनादी उठून येतो, म्हणजे त्याच सुराचा वरच्या सप्तकातला जोडीदार. मूळ आवाजात नसलेलं काहीतरी मिसळलं जातं, आणि कानाला ते आवडतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: हालचाल. ४४० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांचा) एक सूर आणि ४४२ हर्ट्झचा दुसरा असे एकत्र वाजवले, तर दोन सूर ऐकू येत नाहीत. एकच सूर ऐकू येतो आणि तो सेकंदाला दोनदा हेलकावतो. दोन्ही सूर अगदी बरोबर जुळवले तर हेलकावा थांबतो आणि आवाज निर्जीव होतो. फरक फार वाढवला तर बेसूर. या दोन टोकांच्या मधल्या अरुंद पट्टीत ऊब असते. जुनोमध्ये दर सुरामागे एकच ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारा भाग आहे, तरी तो इतका भरीव वाजतो याचं श्रेय त्याच्या कोरसला. हा कोरस त्याच सुराची प्रत काही सहस्रांश सेकंद उशिरा सोडतो आणि तो उशीर सतत कमीजास्त करत राहतो. त्यामुळे एक सूर दोघातिघांनी मिळून धरल्यासारखा वाटतो.

४. गिटारचा कंटाळा आला म्हणून हे सगळं केलं का?

नाही. गिटार मला अजूनही तितकीच प्रिय आहे. दोन कारणं होती.

पहिलं कारण कानाचं. आमच्या ड्रमरच्या कानात कार्यक्रमानंतर शिट्टी वाजत राहायची. आधी तासभर, नंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. एकदा ती तीन दिवस थांबली नाही. तिशीच्या आतला मुलगा. त्यानंतर 'आणखी जोरात' हे उत्तर आमच्यापैकी कोणालाच द्यावंसं वाटेना.

दुसरं कारण माडीवरच होतं. माझे आजोबा जत्रेच्या उत्सवी नाटकांना पायपेटी वाजवायचे. संगीत नाटकाच्या नांदीपासून भरतवाक्यापर्यंत पायानं भाता चालू. ते गेल्यावर पेटीवर जुनं धोतर टाकून ठेवलं होतं आणि आम्ही वर्षानुवर्षं तिच्यावर केबल, चहाचे पेले, ड्रमच्या काठ्या ठेवत होतो.

ऑगस्टमधली संध्याकाळ होती. सराव ऐन रंगात आलेला, आणि लाईट गेली. अ‍ॅम्प्लिफायर मेले. कौलांवर पाऊस एवढा की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मी सहज म्हणून धोतर बाजूला केलं, पाय भात्यावर ठेवले आणि काळी चारचा सा दाबला. त्या पट्टीला दोन स्वरपट्ट्या, म्हणजे आत थरथरणाऱ्या धातूच्या जिभा, एकदम बोलतात. एकीवर गंज चढला असावा, ती किंचित उतरली होती. तो सूर श्वास घेतल्यासारखा वरखाली होऊ लागला. मी बोट उचलणार तेवढ्यात बासवाला म्हणाला, "सोडू नको रे, धर." ड्रमरने काठ्या ठेवल्या आणि पेटीच्या लाकडावर बोटांनी ताल धरला. लाईट यायला बराच वेळ लागला. तोवर आम्ही तो एकच सूर वाजवत होतो. एवढ्या वर्षांत दोन गिटार, चार पेडल आणि शंभर वॉटचा अ‍ॅम्प लावून आम्ही जे शोधत होतो ते तिथे पायाखाली होतं.

दुसऱ्या दिवशी फोनवर ध्वनिमुद्रण करून तपासलं. दोन पट्ट्यांमध्ये साधारण दीड हर्ट्झचा फरक निघाला. पुढे सिंथ आला तो हा हेलकावा मोठ्या जागेत, वेगवेगळ्या सुरांवर, हवा तेवढा वेळ धरून ठेवता यावा म्हणून. पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावलं तेव्हा ते गंजलेली पट्टी घासून मिळवायला निघाले. मी त्यांना थांबवलं, का ते सांगितलं. त्यांनी पट्टी परत बसवली आणि म्हणाले, "सगळेच सूर एकदम सरळ केले तर पेटी मुकी होते, हे तुझ्या आजोबांनीच मला सांगितलेलं." तो सा आजही तसाच आहे.

५. असं आणखी कुठल्या बँडने केलंय, की तुम्हीच पहिले?

पहिले तर मुळीच नाही. ही वाट चांगली मळलेली आहे आणि त्यावरून गेलेल्यांचं ऐकूनच आम्हाला धीर आला.

टॉर्टॉइजने १९९६ च्या 'मिलियन्स नाऊ लिव्हिंग विल नेव्हर डाय' या अल्बमची सुरुवातच सुमारे २१ मिनिटांच्या एका तुकड्याने केली. त्यात वाजवलेलं संगीत कापून, जोडून पुन्हा बांधलं आहे. १९९८ च्या 'टीएनटी'मध्ये त्यांनी हे काम संगणकावर केलं. तरीही मधूनमधून व्हायब्राफोन ऐकू येतो आणि ते सगळं हाताने घडवलेलं वाटतं. मोग्वायच्या २०१४ च्या 'रेव्ह टेप्स'मध्ये सिंथ पुढे आले, तरी दोन मिनिटांत बँड ओळखता येतो.

मला सर्वांत जवळचं वाटतं ते फ्रिजचं उदाहरण. लंडनमधल्या तीन शाळकरी मित्रांचा हा वाद्यसंगीताचा बँड. त्यातला कीरन हेब्डन पुढे फोर टेट या नावाने एकट्याने इलेक्ट्रॉनिक संगीत करू लागला. २००३ च्या 'राउंड्स'मध्ये त्याने ध्वनिमुद्रित तुकड्यांतून असं काही विणलं की लॅपटॉपवरचं संगीत थंड असतं हे म्हणणं मला तरी पटेनासं झालं. त्याची आई भारतीय वंशाची. २०१५ च्या 'मॉर्निंग/इव्हनिंग'मध्ये वीस-वीस मिनिटांचे दोनच तुकडे आहेत, आणि सकाळच्या तुकड्यात 'सौतन' या १९८३ च्या सिनेमातला लताबाईंचा आवाज येतो. लताबाईंचे वडील मास्टर दीनानाथ आमच्या शेजारच्या मंगेशीचे. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बसमध्ये होतो आणि मंगेशीचा थांबा नुकताच मागे पडला होता. लंडनला गेलेला सूर घरी परत आल्यासारखं वाटलं मला.

उलट दिशेचंही उदाहरण आहे. टॉक टॉक हा बँड ऐंशीच्या दशकात सिंथवरची लोकप्रिय गाणी करायचा. १९८८ च्या 'स्पिरिट ऑफ ईडन'मध्ये त्यांनी ते जवळजवळ बाजूला ठेवलं आणि शांततेतून उमलणारं संगीत केलं. पोस्ट-रॉकचा उगम शोधणारे तिथवर जातात. म्हणजे रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता आहे.

आपल्याकडे सिंथ नवा आहे असंही समजू नका. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. तो बसवायला अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर आला होता. आणि १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. त्यांच्याकडे टीबी-३०३ होता, टीआर-८०८ होता, ज्युपिटर-८ होता. त्या वेळी फार कोणी लक्ष दिलं नाही. आज जगभरचे लोक तो अल्बम शोधत फिरतात.

६. गोव्यातला इलेक्ट्रॉनिक बँड म्हणजे शेवटी गोवा ट्रान्सच ना?

हा प्रश्न गोव्याबाहेरचे लोक हमखास विचारतात. गोवा ट्रान्स हा नव्वदच्या दशकात हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर बहरलेला प्रकार. लय मिनिटाला साधारण १३५ ते १५० ठोके, सतत फिरणारे तीक्ष्ण सूर, उद्देश पहाटेपर्यंत नाचवण्याचा. त्यातली काही कामं मला मनापासून आवडतात. आमची लय मिनिटाला सत्तर ते नव्वदच्या मध्ये असते, आणि आम्ही ज्या गोव्यात वाढलो तिथे रात्री जागरण व्हायचं ते जत्रेच्या नाटकाला. दोन्ही गोवा खरे आहेत.

७. सगळं तर संगणक वाजवतो. मग तुम्ही मंचावर करता काय?

आमच्या मंचावर संगणक नसतो. ही काही प्रतिज्ञा नाही. संगणकावर उत्तम वाजवणारे लोक आहेत (प्रश्न ५). आम्हाला चौघांनी एकमेकांकडे बघत वाजवायची सवय आहे आणि पडदा मध्ये आला की ती मोडते.

माझा उजवा हात पट्ट्यांवर असतो, डावा फिल्टरवर. सूर धरणं सोपं आहे. तो तीन मिनिटांत किती उघडायचा याला सराव लागतो. गिटारवादक कॅसेट डेकवर आधीच भरलेली पायपेटी सोडतो आणि टेपचा वेग बोटाने किंचित अडवतो, त्यामुळे सूर खाली झुकतो. ते प्रत्येक वेळी वेगळं होतं. चुकतंही. मडगावला एका कार्यक्रमात टेप अडकून तुटली, आणि पुढची पाच मिनिटं फक्त घुमट आणि बास चालला. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण आम्ही जपून ठेवलं आहे.

८. ते मडकं म्हणजे घुमटच ना? कातडं घोरपडीचं आहे का? आणि सिंथबरोबर त्याचं काय काम?

घुमटच. कातडं बकऱ्याचं आहे. पूर्वी घोरपडीचं लावायचे, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घोरपड संरक्षित आहे. तिचं कातडं वापरणं गुन्हा आहे, आणि तसं घुमट कोणी आणून दिलं तर आम्ही घेणार नाही. आवाजात फरक पडतो हे खरं, पण बकऱ्याच्या कातड्यावर सुंदर वाजवणारे आरती मंडळांत कितीतरी आहेत. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं.

सिंथबरोबरचं नातं मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं, ते चवथीच्या आरतीत बसल्याबसल्या लक्षात आलं. घुमटाचं एक तोंड मोठं, कातड्याने मढवलेलं. दुसरं तोंड लहान आणि उघडं. वाजवणारा उजव्या हाताने थाप देतो आणि डावा तळहात त्या लहान तोंडावर झाकत-उघडत राहतो. झाकलं की आवाज आत गोळा होतो, उघडलं की बाहेर फुटतो. मी सिंथवर डाव्या हाताने फिल्टरची खुंटी फिरवतो तेव्हा नेमकं हेच करत असतो (प्रश्न ३ पाहा). आता आम्ही दोघं समोरासमोर बसतो. त्याचा तळहात जसा उघडेल तसा मी फिल्टर उघडतो. घुमटाला एक माइक कातड्यापासून वीतभर लांब आणि दुसरा लहान तोंडाशी, थोडा बाजूला. अगदी समोर लावला तर हवेचा धक्का बसून माइक फुटल्यासारखा वाजतो.

९. मी भजनी मंडळात गातो. सिंथचा गंधार मला खटकतो. कान माझा खराब, की यंत्र?

कान शाबूत आहे. तुमचा शुद्ध गंधार षड्जाशी ५:४ या प्रमाणात लागतो. ते अंतर ३८६ सेंट भरतं (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). सिंथ आणि बाजारातली पेटी सप्तकाचे बारा सारखे भाग करतात, तिथे गंधार ४०० सेंटवर बसतो. म्हणजे यंत्राचा गंधार १४ सेंटने चढा, अर्ध्या सुराचा जवळजवळ सातवा भाग. तंबोरा चालू असताना हे लगेच कळतं. पंचमाचा फरक मात्र दोनच सेंटचा, तो जाणवत नाही.

हे भांडण जुनंच आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. परकी आहे, मींड काढता येत नाही, सूर ठोकळेबाज आहेत, हे तेव्हा पेटीबद्दल बोललं जायचं. आज तेच शब्द सिंथबद्दल कानावर येतात. आजोबांची पेटी त्या काळात गावातल्या नाटकांना वाजतच होती.

आम्ही काय करतो: लांब धरायचे सूर म्हणजे सा आणि पंचम, तेवढे जुनोवर. गंधार धरायचा असेल तर गिटारवर तार किंचित उतरवून, किंवा बासवर. ध्वनिमुद्रणात सर्ज एक्सटी हा मोफत सॉफ्टवेअर सिंथ वापरतो, कारण त्यात प्रत्येक स्वर हवा तिथे बसवता येतो. कधी कधी मात्र तो चढा गंधार मुद्दाम ठेवतो, जिथे अस्वस्थता हवी असते तिथे.

१०. गोव्याच्या पावसाळ्यात ही यंत्रं टिकतात?

टिकवावी लागतात. जून ते सप्टेंबर आमचा अर्धा वेळ देखभालीत जातो. प्रत्येक खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या, दर पंधरवड्याला तापवून पुन्हा कोरड्या केलेल्या. तांदूळ घालू नका, पीठ आणि धूळ सरकपट्ट्यांत जाते. जुनोच्या सरकपट्ट्या खरखरायला लागल्या की संपर्क साफ करणारा स्प्रे. केबलची टोकं महिन्यातून एकदा पुसायची, किनाऱ्याजवळ वाजवलं असेल तर त्याच रात्री. कॅसेटवर पांढरी बुरशी येते. आली तर ती डेकमध्ये अजिबात घालू नका, हेडवरून पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते. आणि यंत्रं बंद ठेवू नका. आठवड्यातून दोनदा तासभर चालू केली की आतल्या उष्णतेने ओल उडते.

लाईट जाण्यायेण्याने वीजदाबाला झटके बसतात, त्यासाठी यूपीएस हवाच. मे महिन्याचा त्रास वेगळा. आमच्या मोनो सिंथचे ऑसिलेटर उष्णतेने सरकतात आणि सूर हलतो. कार्यक्रमाआधी अर्धा तास तो चालू करून ठेवतो आणि मगच मिळवतो. जुनोचे ऑसिलेटर डिजिटल नियंत्रणाचे असल्याने तो हलत नाही.

११. आम्हालाही असं काही करायचं आहे, पण सिंथ घ्यायला पैसे नाहीत.

घेऊ नका. फोनवर घरातला एखादा लांब टिकणारा आवाज भरा: पेटी, देवळातली घंटा, पाण्याचा पंप. ऑडेसिटी हा मोफत प्रोग्राम घ्या, त्या आवाजाच्या दोन प्रती करा, एक प्रत थोडी उतरवा आणि दोन्ही एकत्र ऐका. प्रश्न ३ मधला हेलकावा तिथेच सापडेल. पुढे जायचं असेल तर व्हीसीव्ही रॅकची मोफत आवृत्ती आहे, त्यात सिंथचे भाग तारांनी जोडून शिकता येतं. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी बऱ्या हेडफोनवर करा. फोनच्या स्पीकरवर खर्ज ऐकूच येत नाही, आणि या संगीताचा अर्धा जीव खर्जात असतो.

१२. जुन्या गाण्याचा किंवा आरतीचा तुकडा वापरला तर चालतो का?

इथे दोन हक्क वेगळे असतात आणि लोक ते एकत्र करतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क भारतात प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे तबकडी जुनी झाली तरी गाणं मोकळं झालेलं असेलच असं नाही.

आरतीचं सांगायचं तर समर्थ रामदासांचे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत. पण तीच आरती एखाद्या गायिकेने गायली असेल तर ते मुद्रण तिचं किंवा कंपनीचं. आम्ही आमच्याच वाड्यावरची आरती भरली. मंडळातल्या प्रत्येकाला आधी विचारलं, आणि पूर्ण झालेला तुकडा आधी त्यांना ऐकवला. दोघांनी नको म्हटलं, त्यांचे आवाज काढले. कायद्याने हे सगळं सांगितलेलं नाही, पण चवथीला पुढच्या वर्षी त्याच घरात जायचं असतं.

१३. नव्या ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला जो कुरकुरणारा आवाज आहे तो कुठल्या सिंथचा?

सिंथचा नाही, चपलांचा. सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावली धरणात बुडालं. वर्षातला बहुतेक काळ ते पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांचे चौथरे, विहिरी वर येतात आणि जुने गावकरी सोमेश्वराच्या उत्सवाला जमतात. आम्ही मे महिन्यात गेलो. चिखल वाळून त्याच्या ताटाएवढ्या खपल्या झाल्या होत्या, कडा वर वळलेल्या. पाय ठेवला की त्या मोडत आणि खाली अजून ओल लागे. एका म्हाताऱ्या बाईंनी एका चौथऱ्यापाशी थांबून आपली न्हाणी कुठे होती ते काठीने दाखवलं. माइक चालू होता, पण त्यांचं बोलणं आम्ही वापरलं नाही. फक्त त्यांच्यामागून चालताना झालेला आवाज ठेवला.

गायिका मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. त्यांचं गाणं मुद्रणातून आमच्यापर्यंत पोचलं, गाव पोचलं नाही. चपलांचा आवाज संपतो तिथे पायपेटीचा तो सा सुरू होतो.

१४. रात्री दहाला कार्यक्रम का आटोपता? रंग तर तेव्हाच चढतो.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंद सभागृहाला सूट आहे, आणि सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत परवानगी देऊ शकतं. नियम नसता तरी आम्ही बहुधा थांबलो असतो. आमचा खर्ज भिंतीतून जातो, आणि शेजारच्या घरात कोणाची तरी सकाळची पाळी असते.

१५. जुने मोठ्या आवाजाचे तुकडे पुन्हा कधीच ऐकायला मिळणार नाहीत का?

मिळतील. बहुतेक आम्ही सिंथवर बसवून पाहिले आणि चार-पाच तिथे जास्त खुलले. एक मात्र कुठल्याच प्रकारे बसला नाही. त्याच्या शेवटी दोन गिटार अ‍ॅम्पच्या समोर उभ्या करून त्यांना आपोआप घुमू द्यायचं असतं. स्पीकरचा आवाज तारेला हलवतो, तार पुन्हा स्पीकरला. हे चक्र फक्त मोठ्या आवाजात चालतं. हळू वाजवलं तर सुरूच होत नाही. कोरस लावून पाहिला, टेप लावून पाहिली. तो तुकडा मऊ करायचा प्रयत्न आम्ही सोडून दिला.

आता तो फक्त सभागृहात वाजवतो, वर्षातून एखाद-दोन वेळा, आणि कायम शेवटी. त्याआधी पाच मिनिटं थांबतो, दाराशी इअरप्लगचा डबा ठेवलेला असतो. ज्यांना बाहेर जायचं असेल त्यांनी तेव्हा जावं. ड्रमर त्या तुकड्याला मोठे कानबंद घालून बसतो आणि पहिली थाप त्याची असते.